प्रोपेनपंत

प्रोपेनपंतांना "ट्रेलर कसा काय?" म्हणून विचारलं, तर ते टाकीची तब्येत सांगतात. ट्रेलर तेरा फुटी आहे, आत दोघांपुरता पलंग आहे, घडीचं टेबल आहे, खिडक्यांना वहिनींनी शिवलेले पडदे आहेत. हे सगळं आपलं आपण आत जाऊन बघायचं. पंत बाहेर उभे असतात, ट्रेलर गाडीला जोडायच्या दांड्यापाशी. तिथे प्रोपेनची पांढरी टाकी पट्ट्यानं आवळून बसवलेली आहे, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून पंत बोलत असतात.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या यादीत आहे. एडिसनमध्ये ते आता फक्त खजिनदाराला माहीत असावं.

न्यू जर्सीतल्या मराठी पुरुषाला साठीच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी होतं. कुणी पेटी शिकायला घेतो, कुणी अर्धमॅरेथॉनला नाव देतो, कुणी विजेची गाडी घेऊन दिसेल त्याला चार्जिंगचे हिशेब ऐकवतो. पंतांनी ट्रेलर घेतला. वहिनींची समजूत झाली की आता अमेरिका बघायची. पंतांच्या मनात होतं की आता गॅसची कायमची सोय लावायची.

टाकी कुठली घ्यावी, या प्रश्नावर पंतांनी अख्खा हिवाळा काढला. पाच पौंडी दिसायला गोजिरी, पण तिच्यात गॅस मावतो सव्वा गॅलन. अकरा पौंडी बुटकी आणि सुटसुटीत, पण अडीअडचणीला दुकानाबाहेरच्या अदलाबदलीच्या पिंजऱ्यात तिच्या जोडीची दुसरी मिळत नाही. तीस पौंडी उंच आणि भारी. एवढ्याशा ट्रेलरला ती शोभायची नाही. कॅम्पिंगवाले वापरतात त्या एक पौंडी हिरव्या नळकांड्यांचा तर पंतांना मनस्वी तिटकारा. वापरा आणि फेका, पुन्हा भरायची सोय नाही! कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२८ पासून त्यांच्या विक्रीला बंदी केली आहे, ही बातमी पंतांनी मंडळाच्या कोजागिरीला, मसाला दुधाच्या रांगेत, पुढच्या आणि मागच्या अशा दोघांनाही सांगितली. अखेर उरली वीस पौंडी. इथे ज्याच्या-त्याच्या परसातल्या ग्रिलखाली असते, तीच. दुकानातल्या पोऱ्यानं पहिल्याच मिनिटाला तिच्याकडे बोट दाखवलं होतं. पण पोऱ्यानं दाखवलेली टाकी आणि अभ्यासाअंती निवडलेली टाकी यांत पंतांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पोऱ्यानं एक दाखवली होती. पंतांनी दोन घेतल्या.

दुसरी का, हे समजायचं तर डोंबिवलीला जावं लागतं. पंतांच्या लहानपणी गॅससाठी नंबर लावायचा असे आणि तो लागेपर्यंत वर्षं जात. तोवर घरात स्टोव्ह, त्याची पिन, काकडा आणि रॉकेलची रांग. गॅस आला त्या दिवशी आईनं शेगडीला हळद-कुंकू वाहिलं होतं. पण सिलिंडर एकच. तो नेमका पाहुणे जेवायला बसले की, कुकरची दुसरी शिट्टी झाली की संपायचा. मग आडवा करून बघा, हलवून बघा, आणि शेवटी बाळ्याला शेजारच्या काकूंकडे पिटाळा. तो बाळ्या म्हणजे पंत. ज्यांच्याकडे दोन सिलिंडर असत, ती माणसं त्यांना आजही मोठी वाटतात. अमेरिकेत येऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली, घरात नळानं गॅस येतो, कधी संपत नाही. पण नळाच्या गॅसला वजन नसतं. हाताला १४.२ किलोंचा भरीवपणा लागल्याशिवाय गॅस आहे यावर पंतांचा विश्वासच बसत नाही.

म्हणून दांड्यावर जोडबैठक बसवून घेतली. भरलेली टाकी साधारण ३७ पौंडांची. तेवढं वजन दांड्यावर वाढलं, म्हणजे गाडीच्या आकड्यावर वाढलं, म्हणजे पुढच्या खणातलं काहीतरी उतरवणं आलं. वहिनींचा बिडाचा तवा आणि पाच लिटरचा कुकर उतरले. "टाकी आहे, पण टाकीवर ठेवायला काही नाही," असं वहिनी म्हणतात. पंत त्यावर हसतात, आणि विषय बीटीयूवर, म्हणजे उष्णतेच्या मापावर, नेतात.

बीटीयूचा हिशेब त्यांच्याकडे तयारच असतो. एका पौंडात साडेएकवीस हजार बीटीयू, वीस पौंडांत चार लाख तीस हजार. चहाच्या एका आधणाला सढळ हातानं हजार धरले, तरी एका टाकीत चारशे तीस वेळा चहा होतो. "आणि आपल्याकडे दोन आहेत!" यावर कुणी भोळेपणानं म्हणतं, "मग टाका की आधण." ते मात्र होत नाही. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असलेली जागा घेतलेली असते आणि विजेचे पैसे भाड्यातच धरलेले असतात. मग चहा इंडक्शनवर, खिचडी इंडक्शनवर, रात्री थंडी वाजली तर विजेचा हीटर. गॅस अडचणीसाठी असतो. अडचण कुठली, ते ठरायचं आहे.

पण गॅस वापरला नाही की टाकी रिकामी होत नाही, आणि टाकी रिकामी झाल्याशिवाय भरून आणता येत नाही. हे पंतांचं खरं दुःख. भरून आणण्यासारखा दुसरा आनंद त्यांना ठाऊक नाही. म्हणून दर ऑक्टोबरात त्यांच्या परसात भरिताचा बेत असतो. ट्रेलरवरची टाकी काढून मोठ्या बर्नरला जोडतात आणि मंडळातल्या पन्नास माणसांना पुरतील एवढी वांगी त्यावर भाजतात. लोकांना वाटतं, काय अगत्य आहे! पंतांचं लक्ष मात्र टाकीकडे असतं. ज्योत निळीची पिवळसर, मग बसकी झाली की त्यांचा चेहरा उजळतो. एका वर्षी वांगी संपली आणि ज्योत तगून होती, तेव्हा पंतांनी घरातले पापड आणून भाजले.

रिकाम्या टाकीसाठी सोपा मार्ग म्हणजे दुकानाबाहेरचा पिंजरा. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, दोन मिनिटांत मोकळं. पंत पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. एक तर त्या अदलाबदलीच्या वीस पौंडी टाकीत सहसा पंधराच पौंड गॅस असतो. तसं बाहेर बारीक अक्षरात छापलेलं असतं, पण ते वाचणारे पंतच. आणि दुसरं म्हणजे आपली स्वच्छ, नवीकोरी टाकी देऊन कुणाची कुठली घरी आणायची? पिंजऱ्याचा उपयोग त्यांच्या मते एकच. टाकीवर बनावटीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. त्यानंतर बारा वर्षं झाली की तपासणी करून नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय तिच्यात कुणी गॅस भरत नाही. अशी मुदत संपलेली टाकी पिंजऱ्यात मात्र चालते. तेव्हा म्हातारी टाकी तिकडे सोडायची आणि मुदतीतली घेऊन यायची. हे गुपित पंत फक्त जवळच्यांना सांगतात. मंडळात आता सगळेच त्यांचे जवळचे आहेत.

भरायला ते पंचवीस मैल लांब जातात. जवळचा माणूस टाकीमागे ठरावीक पैसे घेतो, मग तळाशी दोन पौंड गॅस शिल्लक असला तरी पैसे पूर्ण. हा लांबचा गॅलनवर घेतो. न्यू जर्सीत पेट्रोलसुद्धा आपल्या हातानं भरायची मुभा नाही, तेव्हा प्रोपेनला हात लावायचा प्रश्नच नसतो. पंत दोन पावलांवर हाताची घडी घालून उभे राहतात. हातमोजे घातलेला पोरगा टाकी वजनकाट्यासारख्या पाटावर ठेवतो, टाकीच्या गळ्याभोवतीच्या कॉलरवरचे आकडे बघतो, जाड नळी पिळून बसवतो. मग स्क्रू-ड्रायव्हरनं बाजूचा इवलासा स्क्रू अर्धा फेरा सैल करतो. पंप घरघरतो. आधी स्क्रूतून नुसतीच फुसफुस येते, आणि एकाएकी पांढरी फवारी उडते, कुजक्या अंड्याचा दर्प सुटतो. म्हणजे द्रव ऐंशी टक्क्यांवर आला. वरचे वीस टक्के रिकामेच ठेवायचे, कारण उन्हात द्रव फुगतो. खरं तर आत तरंगता गोळा असलेली झडप असतेच, ती नसलेली टाकी २००२ पासून कुणी भरत नाही. पण पंतांचा भरवसा फवारीवर. "बघितलंत?" ते कुजबुजतात. पोरानं स्क्रू बंद केला की समाधानानं मान हलवतात. देवळात नैवेद्याच्या वेळी पडदा बाजूला झाला की माणसं हलवतात, तशी.

घरी आल्यावर वजन होतं. त्यासाठी बॅगांचा काटा आहे, भारतातून परतताना तेवीस किलोंवर लोणचं किती गेलं हे सांगणारा. पंत हुकाला टाकी अडकवतात, दोन्ही हातांनी उचलतात, लाल होतात, आणि दातांत धरलेल्या आवाजात म्हणतात, "वाच, वाच!" वहिनी वाचतात, "छत्तीस पॉइंट आठ." वजा कॉलरवर ठोकलेलं रिकाम्या टाकीचं वजन, सोळा पॉइंट आठ. बरोबर वीस. त्या दिवशी घरात गोड असतं.

प्रवासाचे रस्तेही टाकीच ठरवते. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांवरची प्रोपेनची टाकी न्यायला मनाई आहे. पूर्वी अशा गाड्या 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जात. २६ मार्च २०२४ला मध्यरात्रीनंतर मालवाहू जहाजाच्या धडकेनं तो पूल पडला, सहा कामगार गेले. पंत हे सांगताना खरोखर गलबलतात. आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. वाहतूक तुंबली की मागच्या सीटवरून वहिनींचा आवाज येतो, "पाच पौंडी घेतली असती तर?" पंत रेडिओ लावतात.

असाच वळसा घालून गेल्या शरदात ते व्हर्जिनियात लुरेजवळ गेले. आम्ही शेजारीच तंबू ठोकला होता. पलीकडे ओहायोचं एक कुटुंब होतं, मोठी बसवजा गाडी. शनिवारी संध्याकाळी त्यांचा ग्रिल विझला. तो भला गृहस्थ ज्याला-त्याला विचारत आमच्याकडे आला, एखादी जादा टाकी आहे का?

पंतांच्या चेहऱ्यावर डोंबिवलीचा बाळ्या क्षणभर दिसला. हातात सांडशी घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात उभा असलेला. पंतांनी दुसरी टाकी सोडवली आणि स्वतः उचलून नेऊन दिली. वर सूचना: झडप एकदम उघडू नकोस. झटकन उघडलीस तर आतल्या कळीला वाटतं नळी फुटली, आणि ती गॅस अडवून धरते. मग ज्योत मिणमिणते आणि लोक टाकीला दोष देतात. सावकाश, अर्धा फेरा, थांब, मग पुढे. ओहायोकर कृतज्ञतेनं ऐकत होता. बर्गर गार होत होते.

सकाळी आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा तो टाकी घेऊन आला. म्हणाला, अर्धवट कशी परत करायची? चौकातल्या दुकानात जाऊन भरलेली घेऊन आलो. टाकीवर चकचकीत प्लास्टिकचं जाकीट होतं. आत रंगाचे पोपडे, आणि बुडाशी गंजाचं कडं.

पंत उठले. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन "थँक यू, थँक यू सो मच" म्हटलं, तो दिसेनासा होईपर्यंत हसू टिकवलं, आणि मग काटा काढला. मीच वाचलं. बत्तीस पॉइंट नऊ. कॉलरवर सतरा पॉइंट नऊ. शेजारी फेरतपासणीचा शिक्का.

"पंधरा," पंत म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनींनी आतून पातेलं आणलं, बाहेरची दोन बर्नरची शेगडी उघडली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, आता तरी गॅसवर चहा टाकू का? ही काही तुमची नाही."

पंतांनी टाकीकडे पाहिलं. वहिनींकडे पाहिलं.

"टाक," ते म्हणाले. "पण झडप सावकाश उघड."