भावपुस्तिकेतली वांगी

अमेरिकेत जुन्या बेसबॉल कार्डांच्या व्यवहारात 'बुक व्हॅल्यू' नावाची एक किंमत सर्वांच्या तोंडी असते आणि त्या किमतीला सहसा कोणी काही विकत नाही की विकत घेत नाही, हेच तिचे सर्वांत ठळक लक्षण मानावे लागते. ही किंमत भावपुस्तिकेत छापलेली असते. भावपुस्तिका म्हणजे कोणत्या वर्षीचे, कोणत्या खेळाडूचे, कोणत्या अवस्थेतले कार्ड किती डॉलरांना जाते याचे रकानेवार कोष्टक. माल विकायला बसलेल्याला हे कोष्टक वेदवाक्य वाटते. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक होऊन शेजारच्या टेबलापुढे उभा राहिला की त्याच कोष्टकाची त्याच्या लेखी रद्दी होते, आणि या दोन मतांत काही विसंगती आहे असे त्याला स्वप्नातही वाटत नाही. महाराष्ट्रात घर घेतलेल्यांना या प्रकाराची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण नोंदणी कार्यालयात जो दर प्रमाण असतो आणि बिल्डरच्या कार्यालयात ज्याचे नाव काढल्यास पुढे केलेला चहाही मागे घेतला जाण्याचा संभव असतो, तो रेडी रेकनर याच कुळातला आहे. फरक इतकाच की घरांच्या बाबतीत छापील दर बहुधा खाली राहतो आणि बाजार वर पळतो. कार्डांच्या बाबतीत छापील दर बहुतेक वेळा वर बसून असतो, बाजार मात्र त्याच्याकडे मान वर करूनही पाहत नाही.

या कोष्टकांचा प्रवर्तक संख्याशास्त्राचा प्राध्यापक असावा, हा या शास्त्रातील पहिला विनोद होय. ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन विद्यापीठात शिकवणाऱ्या जेम्स बेकेट यांनी १९७० च्या दशकात संग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना प्रश्नावल्या धाडून किमती गोळा करायला सुरुवात केली, १९७९ मध्ये डेनी एकेस यांच्या साथीने भावपुस्तक काढले आणि नोव्हेंबर १९८४ पासून बेसबॉल कार्डांच्या भावांचे मासिकच सुरू केले. त्यात प्रत्येक कार्डापुढे एक चढा आणि एक उतरता असे दोन भाव दिलेले असत आणि महिन्याभरात भाव हलला असेल तर वर किंवा खाली तोंड केलेला बाणही असे. पद्धत शास्त्रशुद्ध होती; अडचण होती ती माहिती देणाऱ्यांची. ज्याच्या घरी एखाद्या खेळाडूची कार्डे खोक्यांनी भरून पडली आहेत, त्यालाच त्या कार्डाचा भाव विचारला तर तो देत असलेल्या उत्तरात गणिताइतकीच प्रार्थनाही मिसळलेली असते. शिवाय वाचकांनी दोन रकान्यांपैकी उतरता रकाना वाचण्याची तसदी कधी घेतली नाही. १९८० च्या दशकाअखेर अमेरिकेतील शाळकरी मुले आपली संपत्ती मोजत असत ती चढ्या रकान्याच्या बेरजेने, आणि त्या बेरजेवर अनेकांचे महाविद्यालयीन शिक्षण, निदान त्यांच्या कल्पनेत, पार पडले होते.

तोवरच्या भावपुस्तिकांत कार्डाची अवस्था शब्दांत सांगितलेली असे: उत्कृष्ट, चांगले, बरे. विकणाऱ्याचे 'उत्कृष्ट' हे घेणाऱ्याचे 'बरे' निघत असल्याने भांडणे होत, आणि ती मिटवण्यासाठी दर्जांकन ही व्यवस्था आली. त्रयस्थ संस्थेकडे कार्ड पाठवायचे. तिथल्या तज्ज्ञांनी भिंगातून कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य तपासून १ ते १० यांपैकी एक अंक द्यायचा. मग ते कार्ड कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून वर तो अंक छापलेली पट्टी लावायची, असा हा विधी आहे. पीएसए ही यांतली सर्वांत प्रसिद्ध संस्था १९९१ मध्ये निघाली. एसजीसी आणि खुद्द बेकेट यांच्या नावाची दर्जांकन शाखा त्यानंतरची. अवस्थेचा वाद मिटला म्हणजे किमतीचाही मिटेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात भावपुस्तिकेला पूर्वी तीन-चार रकान्यांत चुकण्याची सोय होती, ती आता दहा रकान्यांत झाली, आणि २००८ मध्ये पीएसएने अर्ध्या गुणाच्या श्रेणी आणल्यावर साडेसात आणि साडेआठ अशा मधल्या पायऱ्यांवरही चुकता येऊ लागले.

सर्वांत मूलभूत दोष असा की भावपुस्तिका अंकाची किंमत सांगते, कार्डाची नव्हे. एकाच खेळाडूची, एकाच वर्षाची, एकाच ८ अंकाची दोन कार्डे शेजारी ठेवली तरी एकात पांढरी किनार चारही बाजूंनी सारखी असते आणि दुसऱ्यात चित्र डावीकडे सरकल्याने डावी किनार बारीक उरून उजवी तिच्या जवळपास दुप्पट झालेली असते. एकाचे रंग ताजे असतात, दुसऱ्याचे उन्हात वाळत घातल्यासारखे दिसतात. तज्ज्ञाच्या दृष्टीने दोन्ही ८ च्या चौकटीत कशीबशी बसलेली असतात, एक वरून आणि दुसरे खालून. पुस्तिकेत दोघांना मिळून एकच ओळ असते. गिऱ्हाईक मात्र पहिल्याला छापील भावापेक्षा बरेच जास्त देतो आणि दुसऱ्याला हातही लावत नाही. जुने संग्राहक नवशिक्यांना सांगत असतात की पेटी घेऊ नये, कार्ड घ्यावे. हा उपदेश करणाऱ्यांच्या स्वतःच्या कपाटातही पेट्याच असतात, हे ओघाने आलेच.

दुसरा दोष 'कॉमन्स' या सदरातला. कीर्तिमान खेळाडू सोडून उरलेल्या सामान्य खेळाडूंच्या कार्डांना कॉमन्स म्हणतात आणि त्या सर्वांना मिळून भावपुस्तिकेत एकच मोघम भाव देण्याची प्रथा आहे, जणू सामान्य माणसांत आपसांत काही फरक नसतोच. या समजुतीला धक्का दिला तो अँडी पाफ्को यांनी, आणि तोही मैदानाबाहेर. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचात पाफ्को यांचे कार्ड पहिल्या क्रमांकाचे आहे. त्या काळची मुले कार्डे क्रमाने लावत, रबरबँडने करकचून बांधत आणि बुटांच्या खोक्यात टाकत. साहजिकच गठ्ठ्याच्या वर जे पहिले कार्ड असे त्याच्या कडेला रबराचा चावा बसे, कोपरे मऊ पडत आणि खेळताना हाताचा सारा मळ प्रथम त्याच्याच वाट्याला येई. चारशेवे कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सुखात राहिले; पहिल्याने सगळ्यांच्या वतीने मार खाल्ला. त्यामुळे निष्कलंक पाफ्को मिळणे जवळजवळ अशक्य झाले, आणि १९९८ मध्ये १० श्रेणीचे असे एक कार्ड ८०,००० डॉलरांहून अधिक किमतीला गेले. पाफ्को हे चांगले खेळाडू होते, परंतु ही किंमत त्यांच्या फलंदाजीची नव्हती, रबरबँडची होती. आणि रबरबँडसाठी कोणत्याही भावपुस्तिकेत रकाना नसतो. पुढे कोणाचा संच सर्वांत उत्तम याची क्रमवारी दर्जांकन संस्थाच लावू लागल्यावर तर संच पुरा करण्यासाठी अडलेले धनवान संग्राहक ज्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत अशा खेळाडूंच्या एकेका कार्डासाठी एकमेकांवर बोली चढवू लागले, तरी पुस्तिकेतली कॉमन्सची ओळ आपल्या जागी निश्चिंत उभी राहिली.

या क्षेत्रातील अभिजात उदाहरण मात्र होनस वॅग्नर यांच्या कार्डाचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या, संग्राहक ज्याला टी२०६ म्हणतात त्या संचातले हे कार्ड लवकरच थांबवले गेल्याने मोजकेच उरले आहे. त्यांतले सर्वांत देखणे १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरांना घेतले, आणि नव्याने निघालेल्या पीएसएने अंक दिलेले पहिले कार्ड तेच ठरले, अंक ८. पुढे एका स्पर्धेत बक्षीस म्हणून ते टपाल खात्यातील एका कर्मचारी बाईंना लागले. अमेरिकेत बक्षिसावरही प्राप्तिकर असतो आणि तो बक्षिसाच्या अंदाजित मूल्यावर बसतो, त्यामुळे ज्या दिवशी बाई श्रीमंत झाल्या त्याच दिवशी त्या कर्जबाजारीही होऊ घातल्या. कर भरण्याइतके पैसे नसल्याने त्यांनी कार्ड १९९६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात काढले आणि ते ६,४०,५०० डॉलरांना गेले. अंदाजित मूल्याचा एवढा मूर्तिमंत अनुभव दुसऱ्या कोणाला आला असेल असे वाटत नाही. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरांवर पोहोचले.

त्यानंतर २०१३ मध्ये, ज्यांनी हे कार्ड १९८० च्या दशकात बाजारात आणले त्या बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्यांनी न्यायालयात कबूल केले की त्याच्या बाजूच्या कडा त्यांनी कापून नीट केल्या होत्या. आता पीएसएचाच नियम असा आहे की कापलेल्या कार्डाला अंक द्यायचा नाही. म्हणजे वॅग्नरच्या ८ श्रेणीच्या रकान्यात जी किंमत मांडली जाते, ती त्या श्रेणीतल्या एकमेव कार्डाची, आणि ते एकमेव कार्ड नियमाने त्या रकान्यात बसतच नाही. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात रिक्त संचाचे उदाहरण म्हणून हे घेता येईल, फक्त रिक्त संचाला लाखो डॉलर पडत नाहीत. याच मॅस्ट्रो यांच्या खटल्यात खोट्या बोल्या लावून भाव चढवल्याचीही कबुली होती. त्या लिलावांतले आकडे पाहून ज्यांनी आपापल्या पुस्तिकांत प्रामाणिकपणे भाव दुरुस्त केले असतील, त्यांनी तेवढ्याच प्रामाणिकपणे चूक नोंदवली, असे म्हणावे लागते.

मिकी मँटल यांच्या १९५२ च्या टॉप्स कार्डाची कथा याच्या उलट दिशेची आहे. क्रमांक ३११ चे हे कार्ड त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेत, बेसबॉलचा हंगाम संपत आला असताना बाजारात आले आणि खपले नाही. टॉप्सचे सी बर्गर यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे न विकलेला माल १९६० मध्ये तराफ्यावर चढवून अटलांटिक महासागरात बुडवण्यात आला. एवढे होऊनही हे कार्ड आपल्या मालिकेतले सर्वांत दुर्मीळ नाही, कारण छपाईच्या कागदावर ते दोनदा घेतले होते. दुर्मीळ आहेत ते त्याचे शेजारी, ज्यांना कोणी विचारत नाही. मँटलच्या कार्डांपैकी १० अंक पीएसएने केवळ तिघांना दिला आहे, आणि त्यांतले एक डेन्व्हरच्या एका वकिलाने १९९६ मध्ये १,२१,००० डॉलरांना घेतले ते पुढे वर्षानुवर्षे विकलेच नाही. जी वस्तू कोणी विकतच नाही तिचा बाजारभाव काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडून दिला असता, परंतु कोष्टकाला रिकामा रकाना शोभत नाही, म्हणून तिथे कोणीतरी काहीतरी आकडा लिहितोच. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये एसजीसीने साडेनऊ अंक दिलेले मँटल हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना गेले. ते कार्ड १९९१ मध्ये ५०,००० डॉलरांना विकत घेतलेले होते, आणि त्या वेळीही ऐकणाऱ्यांना तो आकडा खुळेपणाचाच वाटला असणार. साडेनऊ आणि तेही दुसऱ्या संस्थेचे, यावरून पीएसएच्या ९ किंवा १० चा भाव कसा काढावा याविषयी ठाम मत असलेले लोक पुष्कळ आहेत, एकमत असलेले दोघेही सापडत नाहीत.

छापील पुस्तिकेची जागा आता संगणकाने घेतली आहे आणि प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचेच आकडे तत्काळ मिळत असल्याने चुकीला वाव उरला नाही, असे सांगितले जाते. १९८६ च्या फ्लीअर संचातले बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचे १० श्रेणीचे कार्ड २०२१ च्या जानेवारीअखेर एकाच लिलावात दोनदा ७,३८,००० डॉलरांना गेले, तेव्हा हे आकडे खरेच तत्काळ सर्वत्र पोहोचले. ज्यांनी त्यांवर भरवसा ठेवून पुढच्या महिन्यांत खरेदी केली, त्यांनी तेच कार्ड त्या भावाच्या निम्म्याहून खाली गेलेले पाहिले. विक्रीच्या आकड्यांतही गोम असते: लिलावात गिऱ्हाइकाने भरलेल्या रकमेत लिलावगृहाचे वीस टक्क्यांच्या आसपासचे कमिशन मिसळलेले असते, ते विकणाऱ्याच्या खिशात जात नाही, आणि घासाघीस करून ठरलेल्या सौद्यांत कित्येकदा मूळ मागितलेली किंमतच नोंदीत दिसत राहते. सरासरी काढणारे यंत्र हे सारे भेद पोटात घालून दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देते, आणि दशांश चिन्हामुळे त्याच्या खरेपणाविषयी कोणाला शंका येत नाही.

यावरून भावपुस्तिकेची गरज संपली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कार्डांच्या मेळाव्यात टेबलामागे बसलेला व्यापारी आजही 'बुक'च्या निम्म्याने घेतो आणि 'बुक'च्या ऐंशी टक्क्यांनी देतो. ते बुक कोणते, कोणत्या महिन्याचे, हे विचारणे शिष्टसंमत नाही. छापील भाव खोटा आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि दोघांचेही खोटेपणाचे मोजमाप वेगळे असल्यामुळेच सौद्याला तोंड फुटते. खरा भाव माहीत असता तर बोलायलाच काही उरले नसते. बेकेट यांच्या मासिकाचा नोव्हेंबर १९८४ चा पहिला अंक आज संग्राहक आवर्जून शोधतात. त्याचे कोपरे तपासले जातात, पाठीची घडी पाहिली जाते, आणि मुखपृष्ठावर स्वच्छ छापलेल्या किमतीला तो मागणाऱ्याकडे विक्रेता दयार्द्र नजरेने पाहतो.