आपका विद्वान हो गया क्या?

नागपूरच्या जरीपटक्यात झेरॉक्सच्या दुकानात परवा हा प्रश्न ऐकला. विचारणारा दुकानदार, समोर माझा प्राध्यापक मित्र. मराठी शिकवतो, चार पुस्तकं नावावर आहेत. पण त्याचं 'विद्वान' काही होत नव्हतं. ओटीपी येईना.

'विद्वान' म्हणजे देशभरच्या प्राध्यापक-संशोधकांची ऑनलाइन यादी. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ती सांभाळतं. याच नागपुरात वा. वि. मिराशींना १९४१ साली 'महामहोपाध्याय' पदवी मिळाली, ती ताम्रपट आणि शिलालेख वाचून वाचून. आता ईमेल आणि मोबाइल नंबर पुरतो.

कल्पना वाईट नाही बरं. प्रबंधाला परीक्षक हवा, समितीवर तज्ज्ञ हवा, तर यादी उघडावी. उगाच आपल्याच गोतावळ्यात फिरू नये. आणि नावांचा घोळ तर मिटायलाच हवा. बाईंचे लग्नाआधीचे निबंध कुलकर्णी नावाने, नंतरचे देशपांडे नावाने. संगणकाच्या लेखी त्या दोन बायका! यावर उपाय म्हणून संशोधकाला ऑर्किड नावाचा सोळा खणी क्रमांक २०१२ पासून मिळतो. आडनाव बदला, कॉलेज बदला, क्रमांक तोच. शेवटच्या खणात कधी आकड्याऐवजी एक्स येतो, एवढीच काय ती गंमत.

मित्राचं दुखणं वेगळं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, असलेला इंग्रजी लेख या यंत्रणा स्वतःहून ओढून आणतात. मराठी नियतकालिकांत आयुष्य घालवणाऱ्याने एकेक ओळ हाताने भरायची. भरली नाही तर पान ओसाड, आणि ओसाड पानाच्या माणसाला परीक्षक म्हणून कोण बोलावणार?

ब्राझीलने १९९९ साली लाट्टेस नावाची एकच यादी उभी केली. नाव सेझार लाट्टेस या भौतिकशास्त्रज्ञाचं. तिथे सरकारी अनुदान मागणाऱ्याची माहिती या यादीतूनच बघतात, म्हणून ती ताजी राहते. आपल्याकडे वर्गणीसाठी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' झालं. परदेशी जर्नलं वाचायला तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर झाले. फॉर्मच्या बाबतीत मात्र संस्थानं अजून विलीन व्हायची आहेत. 'विद्वान' वेगळं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे तक्ते वेगळे, विद्यापीठाचं पोर्टल वेगळं. जन्मतारीख सगळीकडे नव्याने.

अखेर ओटीपी आला. दुकानदाराने बटण दाबलं. 'लो सर, बन गये विद्वान. साठ रुपये.' फाळणीत कागदपत्रं मागे टाकून आलेल्या लोकांनी जरीपटक्याची ही वस्ती वसवली. आज इथे कागदाचाच धंदा जोरात आहे.

मित्र निघाला नाही. बढतीच्या फाइलला त्याच प्रोफाइलच्या तीन छापील प्रती जोडायच्या होत्या, पानोपानी सही करून.