नंदी पोराचा, उंची बापाची

‘माय लिटल पोनी’ची रंगीत खेळण्यातली घोडी अमेरिकेत १९८३ साली मुलींसाठी आली. २०१० मध्ये लॉरेन फॉस्टच्या कार्टूनवर दाढीमिशीवाले बाप्ये भाळले, ‘ब्रोनी’ म्हणवू लागले, संमेलनं भरवू लागले. जुन्या चाहत्या बायकांनी विचारलं, आम्ही काय इतकी वर्षं नुसता खरारा करत होतो?

विदर्भातल्या भंडाऱ्यानं हसू नये, आपल्याकडेही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी पोराचा, पण बक्षिसापायी त्याची उंची बापाच्या ऐपतीनं वाढते. पोरगं बाजूला धोतर सावरत उभं. पोरीनं नंदी आणला, तर ‘कौतुक’!

पोरींच्या भुलाबाईच्या सणासाठी मात्र बाप्यांची चढाओढ अजून ऐकली नाही. तिथं बक्षीस कुठलं? नुसती खिरापत ओळखायची, तीही पोरींनी.