लॉयल्टी विभागास, सा. न. वि. वि.

मिसिसागा, ऑन्टॅरियो.
शनिवार, दुपार. (होल्डवर.)

लॉयल्टी विभागातील समस्त मंडळींस,

पत्रास कारण की, गेली एक्केचाळीस मिनिटं फोन कानाला आहे आणि हात मोकळे आहेत. आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, हे इंग्रजीतून आणि फ्रेंचमधून इतक्यांदा ऐकलं की मला फ्रेंच येऊ लागलं. मध्ये वाजणारा सॅक्सोफोनही आता पाठ झालाय. म्हटलं, बसल्याबसल्या चार ओळी खरडाव्यात.

पत्रात कंपनीचं नाव घालत नाही. आमच्या आजीने उखाण्याखेरीज आजोबांचं नाव कधी घेतलं नाही, तो संस्कार आहेच. शिवाय या देशात कोणतंही नाव घातलं तरी मजकूर बदलावा लागत नाही.

मिरजेहून मी इथे आलो तो २०११च्या जानेवारीत. थंडीचा कोट एकदाच घ्यावा लागला, तुमचं बिल मात्र दर महिन्याला. तेव्हा फोन मी केला तर पैसे, मला आला तरी पैसे. कुणाचा आला हे पाहायचं, तर त्याचे निराळे. मनसोक्त बोलायचं असेल तर रात्री नऊनंतर किंवा शनिवार-रविवारी बोला. भारतात इनकमिंग २००३ सालीच फुकट झालं होतं. म्हणजे मी विमानात बसून आठ वर्षं मागे आलो होतो. पहिलं बिल हातात पडलं त्या रात्री आईने मिरजेहून विचारलं, ‘तिकडे सगळं पुढारलेलं असेल ना रे?’ नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला.

इथे फोन महाग का, याचं एक ठरलेलं उत्तर आहे. देश अवाढव्य, माणसं थोडी, टॉवर किती उभारायचे! मी नवा होतो तेव्हा मलाही ते पटलं होतं. मग कुणीतरी सस्कॅचेवानबद्दल सांगितलं. प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती अवघी बारा लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. त्या हिशेबाने तिथलं बिल घरादारावर कर्ज काढून भरावं लागायला हवं होतं. पण तिथे सास्कटेल ही प्रांत सरकारच्या मालकीची कंपनी ठाण मांडून बसली आहे. परिणामी टोरांटोत ज्या बड्या कंपन्या हात राखून देतात, त्याच तिथे वर्षानुवर्षं स्वस्तात देत आल्या. तेव्हा इकडची काही हुशार मंडळी सस्कॅचेवानचा ३०६चा नंबर मिळवून टोरांटोत फिरायची. दारात आलेला पिझ्झावाला चक्रावून विचारायचा, ‘तुम्ही इतक्या लांबून ऑर्डर केलीत?’

तर महागाईचं कारण भूगोल नव्हे.

रॉजर्स, बेल आणि टेलस, ही इथली तीन मोठी घराणी. पण निवड करायला तीनच पाट्या आहेत असं कुणी म्हणू नये, म्हणून प्रत्येकाने धाकट्या पात्या काढल्या. रॉजर्सच्या फिडो आणि चॅटर, बेलच्या व्हर्जिन प्लस आणि लकी, टेलसच्या कूडो आणि पब्लिक मोबाइल. एकाच चुलीवरचं पिठलं चांदीच्या ताटात, स्टीलच्या ताटात आणि पत्रावळीवर. मॉलमध्ये यांची दुकानं समोरासमोर असतात. माणूस थोरल्यावर रागावून तणतणत निघतो, चार पावलांवर धाकट्याच्या गळ्यात पडतो, आणि पैसे त्याच घरात जातात. ८ जुलै २०२२ रोजी देखभालीच्या एका अपडेटने रॉजर्सचं अख्खं जाळं कोसळलं, तेव्हा फिडो आणि चॅटरवाल्या कित्येकांना प्रथमच कळलं असेल की आपलं सासर कोणतं. सव्वा कोटीच्या घरात ग्राहक अंधारात गेले. देशभर इंटरॅकची डेबिट कार्डं चालेनात, कित्येकांचा ९११ला फोन लागेना. टोरांटोत त्या संध्याकाळी होणारा द वीकेंडचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. स्टेडियमचं नाव रॉजर्स सेंटर. भरपाई म्हणून ग्राहकांना पाच दिवसांचे पैसे परत मिळाले. आणि वर्ष उलटायच्या आत, एप्रिल २०२३मध्ये, त्याच कंपनीने शॉ ही दुसरी मोठी कंपनी २६ अब्ज डॉलरच्या सौद्यात घरात आणली.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणवत नाही. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने दरडावलं, दोन वर्षांत दर २५ टक्के उतरवा. कोणते दर, तर २ ते ६ जीबीच्या प्लॅनचे. २०२२च्या सुरुवातीला उद्दिष्ट गाठल्याची घोषणा झाली. तोवर आमच्या घरातल्या कॉलेजकुमाराचे ६ जीबी महिन्याच्या नऊ तारखेला संपत होते. ‘अमर्याद’ प्लॅनही २०१९मध्ये आले होतेच. ७५ डॉलरला १० जीबी वेगाने, त्यापुढे अमर्याद गोगलगाय.

घरच्या इंटरनेटचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. आमच्या भिंतीत दोन तारा येतात, एक केबलवाल्यांची आणि एक टेलिफोनवाल्यांची. तिसऱ्या कुणाला इंटरनेट विकायचं तर त्याने यांच्याच तारा भाड्याने घ्यायच्या. टेकसॅव्हीसारख्या छोट्या कंपन्या तेच करतात. सीआरटीसी या नियामकाने २०१९मध्ये ते भाडं बरंच उतरवलं, आणि मे २०२१मध्ये ‘आमचंच चुकलं होतं’ म्हणत पूर्वीच्या दरांकडे परतला. मला या सगळ्यात ब्रँटफर्ड आठवतं. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या आईवडिलांचं घर आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना ते दाखवून आणतो, नायगरा झाल्यावर. १० ऑगस्ट १८७६ला त्याने लांब पल्ल्याचा जो पहिला फोन ऐकला, तो पॅरिसमध्ये. पाहुणे इथे माना डोलावतात. मग मी सांगतो, हे पॅरिस ऑन्टॅरियोतलंच, ब्रँटफर्डपासून तेरा-चौदा किलोमीटरवर. आणि ती तार बेलची नव्हती, डॉमिनियन टेलिग्राफ कंपनीची होती. टेलिफोनच्या आद्यपुरुषाचा कारभारच दुसऱ्याच्या तारेवर सुरू झाला! त्या टेलिग्राफवाल्यांनी आजच्या दराने भाडं मागितलं असतं, तर तो तडक घोडागाडी करून ब्रँटफर्डला परत गेला असता.

असो. आता तुमच्या विभागाकडे वळतो.

लॉयल्टी विभागाचा फोन लागावा म्हणून काय म्हणायचं असतं, हे मला या देशात तीन वर्षं काढल्यावर कळलं. ‘मी एकनिष्ठ आहे’ असं म्हटलं तर यंत्र तुम्हाला बिल भरायच्या खिडकीवर पाठवतं. ‘मला सोडून जायचंय’ म्हटलं की तुमच्याकडे. निष्ठेचं खातं आणि त्याचं दार फक्त घटस्फोटाच्या अर्जाने उघडतं! याहून मार्मिक नाव ज्याला सुचलं त्याचा सत्कार व्हायला हवा.

जाहिरातींत खालच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘फक्त नवीन ग्राहकांसाठी’. नवीन गिऱ्हाईक म्हणजे धोंड्याच्या महिन्यातला जावई. त्याला तेहतीस अनारसे, चांदीचं ताट, वर शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड. बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे घरातली थोरली सून. ते सगळ्यांच्या मागून जेवतं आणि उरलेलं जेवतं. मात्र सुनेने एकदा पिशवी भरून उंबऱ्यापर्यंत जायचं धाडस केलं, की अख्खं घर धावतं.

हे आमच्या घरात सगळ्यांत आधी बायकोला उमगलं, कारण तिचं शिक्षण तुळशीबागेत झालंय. दुकानदार चारशे म्हणतो, आपण दीडशे म्हणायचं, वस्तू खाली ठेवायची आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही. सातव्या पावलाला ‘ओ ताई, या, या’ येतं. दोन वर्षांपूर्वी माझं बिल ८५ डॉलरवर गेलं, वर १३ टक्के एचएसटी. मी तुम्हाला फोन करून सविस्तर बाजू मांडली, किती वर्षांपासून आहे, एकही हप्ता चुकला नाही वगैरे. पलीकडच्या गृहस्थांनी ‘मी समजू शकतो’ असं सहा वेळा म्हटलं आणि पाच डॉलर कमी केले. बायको शेजारी मटार सोलत ऐकत होती. म्हणाली, ‘तुम्ही वस्तू हातातच धरून भाव करताय.’ तिने बोलण्यात वेळ घालवलाच नाही. सरळ दुसऱ्या कंपनीत जाऊन स्वतःचा नंबर तिकडे वळवला. दोन वर्षं झाली की करार मोडल्याचा दंड नाही आणि २०१७च्या डिसेंबरपासून फोनचं कुलूप काढायलाही पैसे घेता येत नाहीत. ही दोन कलमं तिने आरतीसारखी पाठ केली आहेत. दोन दिवसांनी तुमचा फोन आला. ‘परत याल का? खास तुमच्यासाठी...’ ४५ डॉलर, वर ६० जीबी. सातवं पाऊल! तुळशीबागेत ते दोन मिनिटांत येतं, तुमच्याकडे दोन दिवसांत. कॅनडा मोठा देश आहे, अंतर पडणारच.

खरं सांगायचं तर, गेल्या काही वर्षांत दर उतरले आहेत. रॉजर्स-शॉच्या सौद्यात शॉची फ्रीडम मोबाइल क्वेबेकच्या व्हिडिओट्रॉनकडे गेली, तेव्हापासून चाळीसच्या आत ५० जीबी मिळणं ही दंतकथा राहिलेली नाही. ते श्रेय ज्याचं त्याला. फक्त ते दर मागावे लागतात, आणि मागण्याआधी भांडावं लागतं.

म्हणून आमच्या शेजारच्या आजींचं सांगतो. मूळच्या अझोरेस बेटांवरच्या, इथे येऊन पन्नासेक वर्षं झाली. फोनचा प्लॅन यजमानांनी घेतला होता. ते गेले, प्लॅन राहिला. महिना ६८ डॉलर, १ जीबी. मागच्या महिन्यात बिल समजावून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या. तिकडच्या बहिणीशी त्या व्हिडिओवर बोलल्या होत्या, वायफाय बंद आहे हे लक्षात न येता. बायकोने बिल पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. तिथल्या तिथे फोन लावला, ‘सोडून जायचंय’ म्हणाली, तुमचं दार उघडलं. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात तुमच्या माणसाने नियमाप्रमाणे म्हटलं, खातेदाराशी बोलावं लागेल. फोन स्पीकरवर टाकून आजींपुढे धरला.

‘आपण आम्हाला सोडून जाण्याचा विचार करताय, असं कळलं...’

आजी घाबरल्या. ‘नाही नाही, डियर,’ म्हणाल्या, ‘मी कुठे जाणार? माझ्या नवऱ्याने घेतलेला नंबर आहे हा.’

पलीकडे आनंदीआनंद झाला. इतक्या वर्षांच्या निष्ठेबद्दल आभार मानले गेले. प्लॅन होता तोच राहिला.

तुमच्या खात्यात इतकी वर्षं फोन करतोय, पण ज्याच्यासाठी ते काढलं म्हणता तो माणूस तुमच्याशी बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याला तुमच्या तक्त्यात रकाना नव्हता. आमच्या ४५ डॉलरच्या प्लॅनमध्ये आजींचे किती पडतात, हे मी त्या रात्री मोजायला बसलो होतो. बायको म्हणाली, ‘झोपा.’

सॅक्सोफोन थांबला. कुणीतरी उचललेला दिसतोय.

कळावे, लोभ तुमच्या बाजूने आहेच.

आपला,
तूर्तास सोडून चाललेला,
एक जुना ग्राहक

ता. क. आपल्याकडच्या ताई भल्या होत्या. अकरा मिनिटांत ४० डॉलरवर आल्या, ७० जीबी, चोवीस महिने. ‘आणखी काही मदत?’ विचारलं, तेव्हा मी शेजारच्या आजींचं काढलं. त्या म्हणाल्या, खातेदाराने स्वतः सांगायला हवं. तेव्हा सध्या बायको रोज संध्याकाळी चहाबरोबर त्यांना एक वाक्य शिकवते आहे, ‘मी चालले.’ उच्चार उत्तम जमतो. फक्त त्यापुढे ‘थँक यू, डियर’ आपोआप येतं. तेवढं सुटलं की फोन करतो.