फॉरमॅट मार!

माणूस आजारी पडला की भेटायला येणारी मंडळी उपचार तरी निरनिराळे सांगतात. कुणी काढा सांगतं, कुणी होमिओपॅथी, कुणी आपल्या साडूचा डॉक्टर. कॉम्प्युटर आजारी पडला की सगळ्यांचा उपचार एकच : ‘फॉरमॅट मार!’ त्यात काय काय पुसलं जाईल याची सांगणाऱ्याला फिकीर नसते. पुसलं जाणारं सगळं आपलं असतं.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. एकमताने निवडून आलो, कारण त्या सभेला मी गैरहजर होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर थकबाकीची यादी करत बसलो होतो. सभेत सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या सभासदाच्या नावापुढे आकडा टाकायला आणि स्क्रीन निळा व्हायला एकच गाठ पडली. वर रडवेला चेहरा, खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं कारण. पुन्हा सुरू केला, पुन्हा निळा. या वेळी कारण दुसरंच.

घर गोळा झालं. आई म्हणाली, “तरी सांगत होते, त्याच्यापुढे बसून जेवू नकोस.” बाबांनी चष्मा लावून कारण वाचलं. “म्हणजे याला आठवत नाही. वय किती याचं? मला अजून बँकेतल्या पहिल्या लेजरचे फोलिओ नंबर पाठ आहेत.” मुलीचं मत सरळ होतं : नवा घ्या, जमलं तर लॅपटॉप. शेजारच्या काकांना व्होल्टेजचा संशय आला. त्यांना तो लिफ्टपासून मधुमेहापर्यंत सगळीकडे येतो. मेहुणा आयटीत आहे. त्याला फोन लावला, तर पलीकडून “हॅलो”च्या आधी “फॉरमॅट मार” ऐकू आलं असावं असं मला अजून वाटतं.

या सगळ्यांत एकच जण प्रामाणिक होता, तो निळा पडदा. त्याने एवढंच म्हटलं होतं की काहीतरी बिघडलंय, पुढे जाण्यात अर्थ नाही. एखादं साधं अ‍ॅप कोसळलं तर फक्त तेवढंच बंद होतं. लग्नात एखादा पाहुणा रुसला म्हणून पंगत थांबत नाही. आचारीच गॅस बंद करून बसला, तर मात्र थांबते. इथला आचारी म्हणजे कर्नल. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा आणि त्याच्या जोडीने चालणारे ड्रायव्हर यांना मेमरीत नको तिथे नको ते सापडलं, तर ते सगळंच थांबवतात. डिस्कवर चुकीचं काही लिहिलं जाण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, असा हिशेब. आम्ही खजिनदार काय करतो? ताळा जुळला नाही, तर फरक सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि चहा मागवतो.

तो रंगही कुणी मानसशास्त्राचा अभ्यास करून निवडलेला नाही. १९९३ सालच्या विंडोज एनटीसाठी हा पडदा जॉन व्हर्ट नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिला. तो ज्या मशीनवर काम करत होता त्याचा सुरुवातीचा स्क्रीन निळ्यावर पांढरा, आणि त्याचा एडिटरही तसाच. म्हणून याही अक्षरांना तेच रंग मिळाले. रडका चेहरा २०१२ च्या विंडोज ८ बरोबर आला. २०२५ मध्ये तर पडदा काळा झाला. आमच्या घरी मात्र अजून निळाईच आहे.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही, हे वाचून बरं वाटतं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि बिल गेट्स यांच्या देखत, भरल्या सभागृहात निळा पडदा अवतरला. म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स सुटले. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं आडवी केली, तेव्हा आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. हिशेब का आले नाहीत, असं कुणी विचारलं तर गेट्स यांचंच उत्तर द्यावं असं मी ठरवलं होतं. पण त्यांच्या सभेत टाळ्या पडल्या होत्या. आमच्या सभेत थकबाकीदार असतात.

शेवटी मीच कामाला लागलो. नवं काही जोडलं होतं का? नाही. अपडेट आला होता का? तोही नाही. कारण दर वेळी वेगळं येत होतं, आणि असं झालं की संशयाची सुई बहुधा रॅमकडे वळते. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते. ती लावली, तर हार्डवेअरमध्ये दोष सापडल्याचं तिने सांगितलं. मग प्लग काढला, कॅबिनेट उघडलं. आत इतकी धूळ होती की आईने फडकं आणायला सांगितलं आणि माझ्या संसाराविषयी एक सर्वसाधारण विधान केलं.

रॅमच्या दोन पट्ट्या. एक काढून दुसरीवर चालू केला : ठीक. पहिली लावली : निळा. आता नवी पट्टी आणणं आलं. एवढ्यात मेहुण्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो म्हणाला, “रॅम खोडरबरने घासून बघ.” आयटीतल्या एवढ्या वर्षांत त्याने मला दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला. मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन पट्टीची सोनेरी कडा हलक्या हाताने घासली, कीस झटकला, खटका बसेपर्यंत पट्टी दाबली. तपासणी पुन्हा लावली. दोष गायब. त्या मोठ्या आवाजाच्या सभासदाची थकबाकी व्याजासकट चढली, आणि पडदा पांढराच राहिला.

बाबांनी खोडरबर ताब्यात घेतला आणि टीव्हीच्या रिमोटपासून आपल्या कानाच्या यंत्रापर्यंत जे सापडेल ते घासलं. काळा पडलेला, अर्धा झालेला तो तुकडा बघून मुलीने नव्याची मागणी केली. पाच रुपये. ते मी सोसायटीच्या हिशेबात ‘संगणक दुरुस्ती’ खाली टाकले. ऑडिटरने व्हाउचर मागितलंय.