मास्तर निघाले मुंबईला, नाके चुकवत

"ऐकलंस का गं? ह्यांनी पुन्हा रस्ता बदलला!"

तुराट्यांच्या कुपाटीपलीकडून काकूंचा आवाज आला की हातातलं सूप खाली ठेवावं लागतं. सध्या त्यांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळायला घातलीय. ती उन्हात, आणि मास्तर ओसरीवर, वही घेऊन. लेक उलव्याला राहतो. त्याच्याकडं गाडीनं जायचं, नातवाला समुद्र दाखवायचा, इतकंच ठरलेलं. पण जायचं कुठून, यावर मास्तरांनी वहीची पानंच्या पानं भरली आहेत.

"आता कोणता रस्ता?"

"कल्याण-निर्मलचा. म्हणायलेत, महामार्ग उशाशी असताना गाव हिंडत कामून जायचं?"

तसं त्यांचं चूक नाही. परभणी, पाथरी, माजलगाव, गढी, पाथर्डी, नगर, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज घाट आणि मुरबाड करत सरळ कल्याणला. हाच तो राष्ट्रीय महामार्ग 61. पूर्वी त्याचा नंबर 222 होता, मास्तर अजून तोच सांगतात.

"आन् समृद्धीचं काय झालं? मागच्या आठवड्यात तर औंढा, जिंतूर, मंठा, जालना असं पाठ करून बसले होते."

"ते हिशेबात बसंना माय!"

हिशेब काकूंनाही तोंडपाठ झालाय. समृद्धी महामार्गावर कारला टोल किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, 1 एप्रिल 2025 पासून. त्याआधी 1 रुपया 73 पैसे होते. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटरचे 1,445 रुपये. आपण जालन्याला चढणार, म्हणजे निम्म्याहून थोडं कमी; तरी सातशेच्या आसपास जातातच. शिवाय तिथं चढताना कुणी काही मागत नाही, उतरताना फास्टॅगमधून एकदम कापून घेतात. मास्तरांचं खरं दुखणं हेच. पैसा गेला याचं नाही, काचेवरच्या चिकटपट्टीनं आपल्याला न विचारता तो देऊन टाकला याचं. पस्तीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतलेला माणूस, एका 'टुंक'मध्ये सातशे रुपये गेले तर त्याला झोप लागेल का?

"मग मी म्हणलं, अर्धं जा समृद्धीनं, इगतपुरीला उतरा. शेवटचा तुकडा सोडून द्या."

हा तोडगा काकूंचाच बरं का. इगतपुरी ते आमणे, 76 किलोमीटर, 5 जून 2025 ला उघडलेला शेवटचा टप्पा. तो सोडला तर दीडशेभर रुपये वाचतात. मास्तर दोन दिवस खूश होते. मग भाच्यानं फोनवर सांगितलं, मामा, खाली कसारा घाटातून गेलात तरी पुढं पडघ्याला नाका उभाच आहे. शिवाय तो 7.8 किलोमीटरचा बोगदाही हुकणार, ज्याच्यासाठी लोक मुद्दाम जायलेत. मास्तरांनी त्या पानावर काट मारली.

याच भाच्यानं त्यांना आणखी एकदा उठवून बसवलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, 3,000 रुपयांत 200 फेऱ्या. मास्तरांनी लगेच भागाकार केला: फेरीला पंधरा रुपये! दुपारभर घरात सण होता. संध्याकाळी कळलं की तो पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, समृद्धीवर नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवरही नाही. ते राज्याचे रस्ते. त्या रात्री मास्तर जेवताना एक शब्द बोलले नाहीत म्हणे.

"चिक्कू हायेत, दुसरं काय," काकू म्हणाल्या.

मला ते पटत नाही. चिक्कू माणूस गावात कळतो, आणि मास्तर तसे नाहीत. त्यांच्यासाठी टोल चुकवणं म्हणजे एकट्याचं आंदोलन आहे. कोल्हापूरची गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलीय. तिथली माणसं रस्त्यावर उतरली, म्हाताऱ्या एन. डी. पाटलांनी पुढं होऊन नेतृत्व केलं आणि शहरातला टोल घालवूनच ती थांबली. 2015 साली राज्यानं 12 नाके बंद केले, आणखी 53 नाक्यांवर कार आणि एसटीला माफी दिली. "कोल्हापूरकरांनी नाका हलवला, आपण निदान गाडी तरी वळवावी," असं ते म्हणतात तेव्हा मला हसूही येतं आणि जरा बरंही वाटतं.

आणि एक गोष्ट तर त्यांच्या बाजूनं लख्ख आहे. मास्तरांच्या गाडीचा काटा साठच्या वर गेलेला कुणी बघितला नाही. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा. साठनं जाणाऱ्यानं तिथला टोल भरायचा म्हणजे ज्याचे दात पडलेत त्यानं हुरड्याची वर्गणी देण्यासारखं.

"पण काकू, तुम्हाला कोणता रस्ता पाहिजे?"

इथं त्या थोड्या थांबल्या. हळदीवर आलेली कोंबडी हाकलली.

"समृद्धीचं मला भ्याव वाटतं. ते सिंदखेडराजाजवळ बस जळाली नव्हती का, पंचवीस माणसं गेली..." 1 जुलै 2023 ची ती मध्यरात्र आपल्या भागात कुणीच विसरलेलं नाही. "आन् माळशेजचंबी भ्यावच. पावसाळ्यात दरड येती. पण आता उन्हाळाय. आन् खरं सांगू का..." काकू कुपाटीला अगदी टेकल्या. "पाथरीला माझी बहीण, माजलगावला व्याही. समृद्धीवरून कुणाच्या दारात उतरता येतं का?"

म्हणजे टोलचा झेंडा मास्तरांच्या हातात आणि गाडीचं चाक काकूंच्या! पाथरीला जेवण, माजलगावला चहा म्हणता म्हणता मुक्काम, व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून पेढे, विहीणबाईंना चोळखण, पोरांच्या हातावर नोटा. वाचलेले सातशे रुपये माजलगाव सोडायच्या आत संपणार. मी हे बोलून दाखवलं, तर काकूंनी डोळे मोठे केले. "ह्यांच्या वहीत ते मांडू नको हां!"

मुंबईत शिरायच्या टोलचं तर वेगळंच नाट्य झालं. मास्तरांनी पंचेचाळीस रुपये सुट्टे, रबर लावून, गाडीच्या कप्प्यात ठेवले होते. लेक फोनवर हसत सुटला. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, पाचही नाक्यांवर कारला ऑक्टोबर 2024 पासून माफी आहे. मास्तरांनी ते पैसे परत मोजून पाकिटात टाकले, आणि काकू सांगतात, त्या दिवशी त्यांनी आपणहून भजी करायला सांगितली.

पण सुनेनं खडा टाकलाच. म्हणाली, बाबा, उलव्याहून मुंबईला जायचं तर अटल सेतूवरूनच जाऊ, खाली समुद्र दिसतो. एका बाजूचे अडीचशे रुपये!

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, वाशीच्या पुलाखालचं पाणी काय वेगळं हाये? फुकट बघा."

"नातू रुसला असंल."

"रुसला ना! लई रडला. मग ह्यांनी रात्रभर मोबाइल चाळला. सकाळी उठले ते हसतच. म्हणे, विजेच्या कारला अटल सेतूवर टोल माफ केलाय सरकारनं."

"मग?"

"मग काय माय, आता विजेच्या गाड्यांचे भाव काढायलेत. मी म्हणलं, आपल्याकडं पंखा फिरंना दुपारी, गाडी कशावर फिरवता?"

आतून मास्तरांनी हाक मारली. काकू पदर खोचून वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "हळकुंडाचं एक पोतं व्याह्यांना बी न्यायचंय. तेवढं ह्यांना सांगू नको."