चौदा महिने झाले, पार्लरात गेलीच नाही म्हणे!

माय वं! आता हळदीकुंकवाच्या वाणालाही लाज उरली नाही. वर्ध्याच्या रामनगरातलं घर, संक्रांतीनंतरचा शुक्रवार, तिळगूळ झाला, अत्तर झालं आणि घरच्या सूनबाईंनी ताटातून एकेक वाण काढून पुढं केलं. गेल्या वर्षी चहाची गाळणी होती, त्याच्या आदल्या वर्षी स्टीलचा डबा. यंदा काय, तर रुंद दातांचा लाकडी कंगवा आणि सोबत पाव किलो जवस. जवसाच्या चटणीवर आमची हाडं वाढली, पण जवसाचं वाण कुणी दिलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"चटणी कराची का?" समोरच्या काकूंनी भाबडेपणानं विचारलं.

"चटणी नाई वं काकू, केसाले लावाचं आहे," असं म्हणत सूनबाई कुंकू लावायला खाली वाकल्या आणि त्यांचा भांग आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आला. भांगापासून कानापर्यंत कुरळं रान. कानाखाली पाटीवर रेघ मारावी तसे सरळ केस. एका डोक्यावर दोन बायका!

"टच-अप राहिला वाटते?" कुणीतरी सांभाळून घेतलं.

"राहिला नाई. ठेवला. चौदावा महिना आहे."

चिवड्याची बशी हातातच राहिली हो माझ्या.

ज्यांच्या घरात अजून हे शिरलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. केस एकदा सरळ करून घेतले की ते तेवढेच सरळ राहतात. मुळातून नवा येणारा केस आपल्या आईबापाच्या वळणावर जातो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. सहा महिन्यांत डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसायला लागतं आणि पार्लरचा निरोप येतो, ताई, तुमची वेळ झाली. एलआयसीचा हप्ता चुकेल, सोसायटीचं कर्ज थकेल, पण हा हप्ता आमच्या बायकांनी कधी थकवला नाही. दर खेपेला चार-पाच हजार, वर चार तास मान अवघडून बसायचं. आणि आता या बाया निरोप वाचतात, हसतात आणि फोन पर्समध्ये ठेवून देतात! कुणी आठवा महिना काढते, कुणी अकरावा. शाळेतल्या मास्तरणी आहेत, बँकेतल्या आहेत, सावंगीच्या कॉलेजातल्या पोट्ट्या तर आहेतच.

भाषासुद्धा ऐका. परवा बजाज चौकात दोघी भेटल्या. एकीनं विचारलं, "कितवा चालू आहे वं?" दुसरी म्हणाली, "सातवा." मागं तिची सासू भाजीची पिशवी घेऊन उभी. बिचारीनं घरी जाऊन डिंक-मेथीचे लाडू करायला घेतले. पुढं काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की लाडू चांगले झाले होते, मला चार मिळाले.

यात नवल कशाचं वाटावं, हेच मला कळेनासं झालंय. केस सरळ करण्याचं नवल संपून जमाना झाला. आधी रिबाँडिंग आलं, मग स्मूदनिंग, मग केराटिन. पहिल्यांदा पोरगी ते करून आली तेव्हा आमच्या आईनं कपाळावर हात मारला होता. केसांसाठी नव्हे, त्यानंतरच्या नेमधर्मासाठी. तीन दिवस केस भिजवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागंसुद्धा घ्यायचे नाहीत, आणि चौथ्या दिवशी न्हायचं. "म्हणजे बाजूलेच बसाचं का?" आई म्हणाली, "ते तर आमी कवाच बंद केलं होतं!"

आमची एक भाची सेवाग्रामला नर्सिंग शिकते. तिच्या मते पार्लरच्या पाटीवरची ही नावं म्हणजे एकाच लग्नातली दोन वऱ्हाडं, एकमेकांशी फारसं नातं नसलेली. रिबाँडिंग आणि बहुतेक स्मूदनिंगमध्ये थायोग्लायकोलेट असतं. केसाच्या आत गंधकाचे टाके असतात, त्यांच्यामुळं केसाचं वळण टिकतं. हे औषध ते टाके उसवतं, मग इस्त्रीनं केस सरळ करतात आणि दुसऱ्या औषधानं, हायड्रोजन पेरॉक्साइडनं, नव्या जागी पुन्हा टाके घालतात. जुनं झंपर उसवून नवं शिवावं तसं. आता एकाच कापडाला किती वेळा उसवाल? केराटिनची गोष्ट निराळी. तिथं केसावर लेप बसवून तो इस्त्रीनं तापवतात आणि तो तीन-चार महिन्यांत धुपून जातो. त्यातल्या काहींमधून फॉर्मल्डिहाइड निघतं. प्रयोगशाळेतले बेडूक ज्यात ठेवतात ना, त्यातलंच. कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत त्याचं नाव पहिल्या गटात आहे. ते नको म्हणून कंपन्यांनी ग्लायऑक्सिलिक आम्ल आणलं, तर २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची हकीकत छापून आली. तीन वेळा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडांनी दगा दिला. हळदीकुंकवात हे सांगितल्यावर दोघींनी कॉफी परत केली.

आणि रिलॅक्सर? तो या सगळ्यांचा थोरला भाऊ. अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या घरोघरी तो होता. त्यातल्या जहाल प्रकारात चक्क सोडियम हायड्रॉक्साइड असतं. आपल्याकडं जो कॉस्टिक सोडा साबणाला आणि तुंबलेल्या मोरीला वापरतात, तोच. जरा जास्त वेळ राहिला तर टाळू भाजतो. दर सहा-आठ आठवड्यांनी तो लावायचा, हा तिकडचा रिवाज. तिथल्याच बायकांनी पहिल्यांदा तारीख पुढं ढकलायला सुरुवात केली, दहा आठवडे, बारा, सोळा, आणि त्याला नाव दिलं स्ट्रेचिंग. म्हणजे आमच्या रामनगरच्या सूनबाईंनी काही नवा शोध लावलेला नाही. त्यांनी नुसती चोरी केली, तीही सातासमुद्रापलीकडून. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेनं हजारो बायकांचा अभ्यास छापला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षातून चार वेळांहून अधिक वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावं, असा त्यांचा अंदाज. भाची लगेच म्हणाली की याच्यानं त्याच्यामुळंच होतं हे सिद्ध झालेलं नाही, घाबरू नका. पण "वर्षातून चारदा" हे शब्द ऐकून एक बाई बोटं मोजायला लागल्या आणि पाचव्या बोटावर थांबल्या.

वर्ध्याला बाईच्या केसांचं नवल तरी कुठून नवं? १९३६ साली गांधीबापू वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, त्याच्या आधीच मीराबेन तिथं झोपडी करून होत्या. इंग्रज आरमारातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी, डोकं सफाचट, अंगावर खादी. तेव्हाच्या गावातल्या बायकांनी काय चर्चा केली असेल! खुद्द बापूंची केसांशी गाठ पडली ती आफ्रिकेत. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं कापायला नकार दिला, तर यांनी स्वतःच आरशासमोर केस कापले. मागची बाजू अशी झाली की कोर्टातल्या मित्रांना त्यात उंदरांची करामत दिसली. पुढं टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दोन मुलींचे लांबसडक केस स्वतःच्या हातानं कापले, म्हणजे पोरांची नजर वाकडी जायला नको. हे मात्र मला आजही पटत नाही. नजर पोरांची, कात्री पोरींना! असो.

त्या गावाच्या नावाचीही गंमत आहे. बापूंची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची म्हणून १९४० मध्ये आमच्या शेगावचं सेवाग्राम झालं. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस तीन-तीन दिवसांत हातात यायला लागले तेव्हा पुण्याच्या आत्यांचा फोन मला! "तुमच्याकडे टक्कल पडून राहिलं म्हणे?" पंचाऐंशी वर्षांनीही गल्लत तीच. तिथल्या लोकांचे हाल झाले, त्यात थट्टा नाही. डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. पण त्या महिन्यात आमच्याकडं प्रत्येक बाई उशीवरचे केस मोजायची आणि सगळ्यांना आपापलं स्मूदनिंग आठवायचं. माझा अंदाज असा की ही तारीख ढकलण्याची साथ इथं तेव्हाच जोरात पसरली.

आता खरी लफडी ऐका. चौदा महिने काढायचे म्हणजे नुसतं घरी बसणं नव्हे. सरळ आणि कुरळा केस जिथं भेटतात, ती जागा सगळ्यात नाजूक. चरख्यावर बसलेल्या माणसाला विचारा, सूत कुठं तुटतं? जिथं सांधलं तिथं. म्हणून त्या सांध्यावरून बारीक फणी ओढायची नाही. रुंद कंगवा, तोही टोकाकडून सुरू करून वर वर. ओल्या केसाला हिसका नाही, घट्ट पोनी नाही. आणि पुढं कधी पार्लरात गेलातच तर औषध फक्त नव्या वाढीला लावायला सांगायचं. आधी सरळ झालेल्या केसावर ते पुन्हा फासलं की केस तुटून हातात येतो, आणि पार्लरवाली म्हणते, तुमच्या पाण्यातच काहीतरी आहे.

पाण्यात आहेच म्हणा. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं डाळ शिजत नाही, तर केस काय मऊ होणार? या मंडळींनी त्यावरही तोड काढली आहे. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा! प्यायला पाणी मोजून आणि डोक्यावर तांब्याभर. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढला म्हणतात.

आणि रात्री? सूनबाई रात्री दोन वेण्या घालून झोपतात, म्हणजे सकाळी वरचं कुरळं आणि खालचं सरळ दोन्हीला एकच लाट येते, सांधा दिसत नाही. उशीला सासूच्या जुन्या रेशमी पातळाचा अभ्रा, कारण सुती कापडावर केस घासतो. दर आठवड्याला खोबरेल, न्हाण्याच्या आधी. त्यालाही आता शास्त्राचा आधार सापडलाय. मुंबईत झालेल्या, २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून त्याची प्रथिनं फारशी निसटू देत नाही असं दिसलं, सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल हे करत नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच माणसांचा, तेव्हा ज्यांना भुवई उंचवायची त्यांनी उंचवावी. हे सगळं ऐकून कोपऱ्यातल्या आजी उठून उभ्या राहिल्या. "तेल लाव, वेणी घाल, फणी सावकाश फिरव. हेच मी चाळीस वर्षं सांगून राहिली होती! तेव्हा कोणी ऐकलं नाई. आता अमेरिकेतून आलं तर वाण म्हणून वाटता?"

राहिलं जवस. पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. थंड झालं तर गाळलं जात नाही, हे मी अनुभवानं सांगते, माझं एक फडकं गेलं. तो चीक ओल्या केसाला चोपडला की कुरळा भाग भुरभुरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. एका घरी नवऱ्यानं डिंकाची खीर समजून त्यातली अर्धी वाटी संपवली. सकाळी पोट साफ झालं. आता तो स्वतःच विचारतो, पुन्हा कधी करतेस?

या सगळ्यात पार्लरवाल्या ताईंचं काय, हे कुणी विचारत नाही. आर्वी नाक्याकडच्या एका ताईंशी माझं जुनं बोलणं आहे. त्यांचं दुकान भाड्याचं, दोन पोरी कामाला, आणि हंगाम फक्त लग्नसराईचा. त्यांनी मला हळूच सांगितलं की सहा महिन्यांची तारीख तशी कुठं लिहिलेली नाही, केस पाहून ठरवायची असते. वर्षभर थांबलं तर केसालाच बरं. "पण मी हे खुर्चीवर बसलेल्या बाईले सांगितलं, तर भाडं कोण भरन?" आता यावर काय बोलणार? मी भुवया कोरून घेतल्या आणि वीस रुपये जास्त देऊन आले.

तर अशी ही वर्ध्याची नवी थेरं. मी म्हणते, काही ताळतंत्र? मंगळवारी भाजीला गेले तर समोरून त्याच ताई. मी पटकन डोक्यावरून पदर घेतला. उन्हाचे दिवस, कुणालाही खरं वाटलं असतं. त्या जवळ आल्या, हसल्या, पदराकडं बघितलं आणि विचारलं, "काकू, कितवा?"

"नववा," मी म्हटलं. "पण कोणाले सांगू नको वं."